फुलब्राइट की इरॅस्मस : विद्यापीठ प्रशासकाने कोणत्या दौऱ्याची फाइल चालवावी?

परदेशातली विद्यापीठं कशी चालतात हे पाहायला प्राध्यापकांना जितक्या वाटा आहेत, तितक्या उपकुलसचिवांना, परीक्षा विभागातल्या अधिकाऱ्यांना किंवा आंतरराष्ट्रीय केंद्राच्या समन्वयकांना नाहीत. संशोधनाच्या शिष्यवृत्तीत ते बसत नाहीत आणि पदवीच्या शिष्यवृत्तीचं वय उलटलेलं असतं. भारतातून जाणाऱ्यांसाठी मुख्य दारं दोनच. एक, यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानाचा ‘फुलब्राइट-नेहरू आंतरराष्ट्रीय शिक्षण प्रशासक परिसंवाद’. दुसरं, युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’मधली कर्मचारी-प्रशिक्षण भेट. आपल्याकडे दोन्हींची परिपत्रकं एकाच फाइलला लागतात, पण त्यांची जातकुळी वेगळी आहे.

फुलब्राइटमध्ये निवड माणसाची होते. इरॅस्मसमध्ये पैसा येतो तो दोन विद्यापीठांमधल्या करारावर. कोणाला पाठवायचं हे नंतर ठरतं. बाकीचे बहुतेक फरक इथूनच सुरू होतात.

अर्ज कोणी करायचा

आधी फुलब्राइट. त्यामागचा भारत-अमेरिका करार २ फेब्रुवारी १९५० चा. २००८ मध्ये तो नव्याने झाला, भारत खर्चात बरोबरीचा भागीदार झाला आणि नावात ‘नेहरू’ आलं. अर्ज तुम्ही स्वतः ऑनलाइन करायचा. सोबत संस्थाप्रमुखांचं पाठिंब्याचं पत्र आणि शिफारसपत्रं लागतात. परिसंवाद साधारण दोन आठवड्यांचा असतो. तो दरवर्षी निघेलच असं गृहीत धरू नका. जाहिरात आली तरच तयारीला लागा.

अर्ज पडतो तो बहुधा उद्दिष्टाच्या निबंधात. ‘अमेरिकन उच्च शिक्षणपद्धतीचा अभ्यास करून ती आपल्याकडे राबवणे’ हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतं आणि त्यातून निवड समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी आपल्या टेबलावरचं लिहा. यूजीसीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कार्यालय असावं असं म्हटलं, २०२२ च्या विनियमांनी ट्विनिंग (काही अभ्यासक्रम इथे, काही परदेशी विद्यापीठात), संयुक्त आणि दुहेरी पदवीला वाट दिली. तुमच्याकडे त्यातलं काय सुरू झालं, काय अडलं? परदेशी विद्यार्थ्याच्या पात्रता प्रमाणपत्राला किती दिवस लागतात, फाइल किती सह्यांमधून जाते? हे आकडे दिले की निबंध उभा राहतो.

इरॅस्मसमध्ये उलट आहे. भारतातल्या व्यक्तीला थेट अर्जच करता येत नाही. युरोपातलं विद्यापीठ आपल्या देशाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे निधी मागतं. त्याची मुदत साधारण फेब्रुवारीत असते, मंजूर प्रकल्प १ ऑगस्टपासून सुरू होतात आणि २४ किंवा ३६ महिने चालतात. म्हणजे आज पहिलं ईमेल पाठवलं तर प्रत्यक्ष भेटीला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. पण करार आधीच असेल तर काम तुमच्याच इमारतीत आहे: आंतरराष्ट्रीय केंद्रात जाऊन विचारा की चालू करारात प्रशासकीय कर्मचाऱ्यांसाठी किती जागा आहेत. कित्येकदा त्या शिल्लक असतात, कारण परिपत्रक विभागप्रमुखांपर्यंत जातं आणि कक्ष अधिकाऱ्यांपर्यंत पोचत नाही. नुसता सामंजस्य करार मात्र चालत नाही. इरॅस्मसच्या नमुन्यातला आंतरसंस्था करार लागतो आणि त्यात कर्मचारी-प्रशिक्षणासाठी तुमच्याकडून तिकडे जाणाऱ्यांची संख्या व दिवस लिहिलेले असावे लागतात.

पाहायला काय मिळतं

अमेरिकेत रुंदी मिळते. दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, १८६२ च्या मॉरिल कायद्यातून उभी राहिलेली लँड-ग्रँट विद्यापीठं, लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेजं असे संस्थांचे प्रकार एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात. आपल्याकडच्या नॅक या मूल्यांकन परिषदेची सवय असलेल्याला मान्यतेची पद्धत विशेष खटकते. तिथे ती सरकार देत नाही, खासगी मान्यता संस्था देतात. पण ती नसेल तर विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचं अर्थसाहाय्य मिळत नाही. सगळा वचक त्या एका गोष्टीत आहे. मात्र वेळापत्रक गटाचं असतं. एखाद्या कार्यालयात तास-दीड तास बसता येतं, चार दिवस नाही.

इरॅस्मसमध्ये खोली मिळते, अर्थात यजमानाने नीट नियोजन केलं तर. एकाच कार्यालयात पाच दिवस, शेजारच्या खुर्चीवर. श्रेयांकांचंच (क्रेडिट्‌सचंच) घ्या. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक, प्रत्येकी ३० तास, म्हणजे १,२०० तास. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिथले सामाईक श्रेयांक), प्रत्येकी २५ ते ३० तास, म्हणजे १,५०० ते १,८०० तास. वर्षासमोर वर्ष ठेवलं तर ३० ईसीटीएसचे २० श्रेयांक होतात. तासासमोर तास ठेवला तर तेच २५ ते ३० होतात. आपला परीक्षा विभाग तासाने मोजतो, यजमान वर्षाने, आणि परत आलेल्या विद्यार्थ्याचं गुणपत्रक दोघांच्या मध्ये लटकतं. युरोपात सरसकट वर्षाचा हिशोब धरतात. तिथल्या कर्मचाऱ्याबरोबर बसून असा एक तक्ता पुरा करून आणला तरी भेट वसूल झाली.

पैसे

फुलब्राइटमध्ये डोकेदुखी कमी. जाण्यायेण्याचं तिकीट, राहण्याचा खर्च आणि मर्यादित आरोग्य विमा मिळतो. जे-१ या आदानप्रदान व्हिसाचं शुल्क आणि सेव्हिस शुल्क (परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीचं) द्यावं लागत नाही. पण अमेरिकी सरकारच्या पैशातला प्रवास शक्यतो अमेरिकी विमान कंपनीनेच करायला लावणाऱ्या ‘फ्लाय अमेरिका’ कायद्याखाली येतो, त्यामुळे विमान कंपनी तुम्ही निवडत नाही, आणि ‘परतीचं तिकीट चार दिवस पुढे ढकला, न्यू जर्सीला बहिणीकडे जाऊन येतो’ हेही सहजी जमत नाही.

इरॅस्मसचं अनुदान ठोक असतं. यजमान देशानुसार दिवसाला साधारण १४० ते १९० युरो. १६० धरले तर पाच दिवसांचे ८००. प्रवासाचे दोन दिवस मान्य झाले तर १,१२०. पंधराव्या दिवसापासून दर ७० टक्क्यांवर येतो. प्रवासाची रक्कम एकेरी, सरळ रेषेतल्या अंतराच्या टप्प्यावर ठरते आणि ती जाण्यायेण्यासाठी असते. मुंबई-बर्लिन सुमारे ६,३०० किलोमीटर, म्हणजे ४,००० ते ७,९९९ चा टप्पा. त्याला २०२४ च्या मार्गदर्शिकेत १,१८८ युरो आहेत, आधी ८२० होते. तिकीट स्वस्त पडलं तर उरलेले तुमचे, महाग पडलं तर भर तुमची. शेंगेन व्हिसाचे ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा विमा यातूनच भागवायचा. काही यजमान रक्कम तिथे पोचल्यावर देतात, त्यामुळे तिकिटापुरते पैसे आधी हाताशी लागतात. शिवाय प्रत्येक प्रवाशामागे ५०० युरो संस्थांना व्यवस्थापनासाठी मिळतात. ते दोन्ही विद्यापीठांनी आपसात ठरवून वाटायचे असतात. आपली बाजू हे बहुधा मागतच नाही.

एक गोष्ट मात्र जपा. प्रवास वगळून किमान पाच सलग दिवस भरले पाहिजेत आणि प्रमाणपत्रावर तशाच तारखा हव्यात. मे महिन्यात जर्मनीत गुरुवारी येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते आणि शुक्रवारी कार्यालयात चिटपाखरू नसतं. त्या आठवड्यात गेलात तर कामाचे दिवस तीन होतात आणि सगळं अनुदान परत करण्याची पाळी येऊ शकते. ऑगस्टमध्येही कार्यालयं ओस असतात.

जे-१ ची मेख

सरकारी पैशावर जे-१ घेऊन गेलात की दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पुरी होईपर्यंत एच किंवा एल हे नोकरीचे व्हिसा नाहीत आणि ग्रीन कार्डही (कायम वास्तव्याचा परवाना) नाही. पर्यटक व्हिसाला तिची आडकाठी नसते. पंचावन्नाच्या पुढच्या अधिकाऱ्यांनी हे नीट वाचावं: मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक झाली आहे आणि आईवडिलांच्या ग्रीन कार्डाचा विचार चालू आहे, अशी घरं पुण्यात कमी नाहीत. दौरा दोन आठवड्यांचा असला तरी अट दोन वर्षांचीच. युरोपच्या अल्पकालीन व्हिसाला असं शेपूट नाही.

घरची फाइल

इथे दोन्ही वाटा सारख्याच अडतात. व्यवस्थापनाची मंजुरी, ना हरकत प्रमाणपत्र, कर्तव्य रजा, प्रभार कोणाकडे याचा आदेश हे सगळं निवडीनंतर सुरू केलं तर उशीर होतो. तारखा हिवाळी परीक्षांवर येत असतील तर परीक्षा विभागातल्या माणसाला सोडतच नाहीत. सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला परदेशी आदरातिथ्य घेण्यासाठी एफसीआरए या परकीय योगदान नियमन कायद्याच्या कलम ६ खाली गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ मध्ये, ऑनलाइन, यजमानाचं निमंत्रण आणि विभागाची मान्यता जोडून, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. तुमचं विद्यापीठ त्यात येतं का, याचं लेखी उत्तर कुलसचिव कार्यालयाकडून पहिल्याच आठवड्यात घ्या.

मग कोणी काय निवडावं

अधिष्ठाता किंवा कुलसचिव आहात, धोरण ठरवता आणि संस्थेकडे युरोपीय करार नाही, तर फुलब्राइट. तुमच्या हाताखाली रोज गुणपत्रकं, प्रवेश, करार यांची कागदपत्रं जातात आणि करार चालू आहे, तर इरॅस्मसच. दौरा लहान असला तरी परत आल्यावर सोमवारी सकाळपासून उपयोगी पडतो. दोन्ही जमत नसेल तर जर्मनीची शैक्षणिक विनिमय संस्था डाड (डीएएडी) आणि तिथली कुलगुरू परिषद यांचा डीआयईएस हा २००१ पासूनचा कार्यक्रम पाहा. त्यात व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम असतात आणि आपल्या संस्थेतला एखादा सुधारणा-प्रकल्प घेऊन जावं लागतं. कोणते देश पात्र आहेत ते प्रत्येक जाहिरातीत तपासा.

करारच नाही आणि इरॅस्मसच हवं, तर यजमान विद्यापीठाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहा. फेब्रुवारीच्या अर्जात भारताचं नाव घालायचं की नाही, हे तिथे त्याच सुमारास ठरत असतं. पत्रात दौऱ्याची इच्छा एका ओळीत आटपा आणि कोणाला, किती दिवस, कोणत्या कार्यालयात बसायचं आहे ते लिहा.