हिवाळ्यातील खुराडे: पूर्ण झाकावे, पडदा लावावा की झरोका ठेवावा?

नाशिक जिल्ह्यातील निफाडपासून धुळे-जळगावपर्यंतच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा अनेकदा ७-८ अंशांवर, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी २५ अंशांच्या पुढे चढतो. परसात पंधरा-वीस गावरान, गिरिराज किंवा वनराज कोंबड्या असणाऱ्याला या दिवसांत खुराडे किती झाकावे, असा प्रश्न पडतो. त्याची तीन उत्तरे प्रचलित आहेत: चारही बाजूंनी ताडपत्री आवळून आत बल्ब लावणे, जाळीवर गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा उघडझाप करता येणारा पडदा लावणे, आणि छपराखाली कायमचा झरोका ठेवणे.

यातून निवड करण्यापूर्वी बंदोबस्त कशाचा करायचा आहे, हे स्पष्ट असावे. पूर्ण वाढ झालेल्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि पिसे फुलवून त्यांत हवा धरून ठेवता येत असल्यामुळे आपल्याकडची कोरडी थंडी ती निभावून नेते. तिला बाधतो तो अंगावर थेट येणारा वाऱ्याचा झोत आणि त्याहून अधिक कोंडलेला दमटपणा. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, म्हणजे वीस कोंबड्यांचे पाच लिटर झाले. अंड्यांत जाणारा भाग सोडला तर हे पाणी विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडते आणि रात्रीचा त्याचा वाटा खुराड्यातच राहतो. गादीचे, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या थराचे, तूस ओले झाले की विष्ठेतील युरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. त्यापुढे डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावते आणि सर्दी, घुरघुर व जुनाट श्वसनरोगाला वाट मोकळी होते.

या कसोटीवर पूर्ण झाकलेले खुराडे सर्वांत कमी टिकते. त्याचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही: वारा थांबतो, खर्च नगण्य असतो आणि हात घातला की ऊब जाणवते. परंतु ही ऊब ओलीच असते. पहाटे पत्र्याला आतून हात लावला तर तळवा भिजतो, कारण रात्री पत्रा थंड पडतो, आतील बाष्पाचे त्यावर पाणी होते आणि ते थेंबाथेंबाने गादीवर गळत राहते. बल्बमुळे हे थांबत नाही. ओलावा बाहेर जाण्याची वाट बंद असताना नुसती उष्णता वाढवल्याने काही साधत नाही, उलट तुसाजवळ लोंबणारी वायर आगीला निमंत्रण ठरते. घमेल्यात निखारे ठेवण्याची पद्धत तर बंद खुराड्यात अजिबात नको, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पडद्याचा पर्याय आपल्या हवामानाला अधिक जुळतो, कारण पहाट आणि दुपार यांतील वीस अंशांचा फरक कोणत्याही एकाच स्थिर मांडणीने सांभाळता येत नाही. मात्र पडदा कोणत्या टोकाला पक्का करतात, यावर बरेच अवलंबून आहे. बहुतेक घरी तो वरून लोंबता सोडतात आणि हवा हवी असेल तेव्हा खालून गुंडाळतात. त्यामुळे थंड वारा नेमका बसलेल्या कोंबडीच्या छातीवर येतो आणि वरची दमट हवा तशीच राहते. मोठ्या पोल्ट्री शेडमध्ये पडदा खालच्या कडेला पक्का करून दोरीने वर ओढतात, म्हणजे उघडताना फट आधी वरच्या बाजूला पडते. वीस कोंबड्यांच्या खुराड्यालाही हीच रीत लावावी. गोणपाट की ताडपत्री, एवढाच प्रश्न असेल तर गोणपाटातून हवा थोडीफार खेळते, पण ते दवाने भिजते, कुजते आणि त्याच्या घड्यांत पिसवा-गोचिडांना आसरा मिळतो. ताडपत्री टिकते, पण ती वरपर्यंत ओढून बांधली की पुन्हा पहिल्याच पर्यायाचे दोष येतात.

म्हणूनच माझ्या मते झरोका हा पडद्याला पर्याय नसून त्याच्या आधीची अट आहे. दोन्ही लांब बाजूंना छपराच्या लगत साधारण सहा इंचांची सलग फट ठेवावी. ती बसण्याच्या दांडीपेक्षा निदान फूटभर उंच असली तर उबदार, दमट हवा वरून निघून जाते आणि झोत पक्ष्यांच्या डोक्यावरूनच जातो. तेवढी उंची नसेल तर फटीशी भांडण्यापेक्षा दांडी खाली आणावी. फटीला साध्या कोंबडजाळीऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे जोडलेली ताठ तारजाळी) लावावी, नाहीतर मुंगूस, रानमांजर किंवा साप यांना आयता रस्ता मिळतो. कौलारू छप्पर असेल तर कौलांच्या सांध्यांतून हवा खेळतेच, तेथे लहान झरोकाही पुरतो. पत्र्याच्या खुराड्याला मात्र सवलत नाही. एक्झॉस्ट पंख्याचा विचार एवढ्या लहान कळपासाठी करू नये.

कोणत्याही मांडणीची परीक्षा सूर्योदयापूर्वी, दार उघडताच घ्यावी. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यावा; नाकाला झोंबले तर फट अपुरी आहे. मग मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडावा: गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, सैल होऊन विखुरला तर ठीक आहे. ओल्या गादीत चुना मिसळण्याची सवय सर्वत्र आढळते, पण चुन्याने अमोनिया सुरुवातीला अधिक सुटतो, म्हणून ते काम कोंबड्या बाहेर आणि पडदे पूर्ण उघडे असताना, भर उन्हात करावे.

पिल्लांना हा हिशेब लागू नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी कमी करत न्यावी लागते. तेथे दर पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने बल्ब लावलेली ब्रूडरची वेगळी जागाच हवी. मोठ्या कोंबड्यांसाठी बांधकाम नव्याने करायचे असेल तर झरोका आणि खालून वर ओढायचा पडदा असे दोन्ही ठेवावे. तयार खुराड्यात या हंगामात एकच काम जमणार असेल, तर उत्तरेकडची बाजू ताडपत्रीने झाकून वरची सहा इंच जागा रात्रीसुद्धा मोकळी सोडावी आणि दक्षिणेकडचा पडदा ऊन वर आले की रोज पूर्ण उघडावा.