चुना की डिस्टेंपर?
भाड्याने द्यायची खोली किंवा गावाकडचं घर कमी पैशांत रंगवायचं, तर प्रश्न बहुधा या दोघांतच येतो.

चुन्याचा माल अगदी स्वस्त, खर्च मजुरीचा. कळीचा चुना पाण्यात विरवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची. पातळ हात दोन-तीन तरी लागतात. ओला असताना तो भिंतीवर धड दिसतही नाही. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पांढरा होत जातो. त्याची खरी किंमत पावसाळ्यात कळते. कोकणातल्या ओल धरणाऱ्या भिंतीतली वाफ चुन्याचा थर बाहेर जाऊ देतो, आणि क्षारधर्मी असल्याने बुरशीला सहज थारा देत नाही. दोष एकच, पण रोजचा: पाठ टेकली की शर्ट पांढरा.

अ‍ॅक्रिलिक डिस्टेंपर कपड्यांना लागत नाही, ओल्या फडक्याने हलकेच पुसता येतो, रंगछटाही भरपूर. मात्र खाली प्रायमर हवा, भिंत खडबडीत असेल तर पुट्टीही. नुसती डब्यावरची किंमत पाहणारे इथेच फसतात. ओलीवर त्याचे पापुद्रे सुटतात.

माझ्या मते छताला चुना, कोरड्या भिंतींना डिस्टेंपर. छताला कोण टेकतंय? फक्त वर चुना मारताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. थेंब आत गेला तर गंभीर इजा होते. जुन्या चुन्यावर डिस्टेंपर लावायचा असेल तर आधी पत्रीने सगळं खरवडून घ्या, नाहीतर चुन्यासकट रंग खाली येईल.