गिरणीतला लग्नाचा हॉल: सकाळचा मुहूर्त असेल तरच घ्या

गेल्या दोन सीझनमध्ये मुंबईच्या गिरणगावातल्या, जुनी कापडगिरणी रिस्टोअर करून केलेल्या एकाच हॉलमध्ये मी पाच लग्नं शूट केली, तीन सकाळची, दोन संध्याकाळची, आणि तेव्हापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की ताई तो गिरणीवाला हॉल कसा आहे, घेऊ का. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. हॉलचं नाव घालत नाहीये कारण तक्रारी बऱ्याच आहेत, आणि तसंही लालबाग परळ भायखळा पट्ट्यात अशा जागा आता बऱ्याच झाल्यात, यातलं बरंचसं तिकडेही लागू पडेल. सकाळच्या लग्नाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, रात्रीच्या रिसेप्शनला अडीच.

आधी छत, कारण या जागेचे पैसे वसूल होतात ते छतामुळेच. जुन्या गिरण्यांचं छत बाहेरून बघितलंत तर करवतीच्या दातांसारखं दिसतं, प्रत्येक दाताची एक बाजू उतरती आणि दुसरी बाजू उभ्या काचेची, आणि ती काच उत्तरेकडे तोंड करून. हे शोभेसाठी नव्हतं हो, साच्यावर म्हणजे मागावर उभ्या असलेल्या माणसाला तुटलेला धागा दिवसभर दिसला पाहिजे, डोळ्यावर ऊन नको आणि कापडावर सावली नको, म्हणून उत्तरेचा थंड, सगळीकडे सारखा पसरणारा उजेड आत घ्यायचा. माझे आजोबा साचेखात्यात होते, ते सांगायचे की दिवसपाळीला कापडातला दोष लगेच दिसतो, रात्रपाळीला तोच निसटतो आणि मग पगारातून कापतात. मला हे वाक्य कळलं ते तिथे पहिलं लग्न शूट करताना.

डिसेंबर, मुहूर्त ११:४० चा, अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका संपत आलेल्या, आणि मी फ्लॅश बंद ठेवून एफ २.८, १/२५०, आयएसओ ८०० वर आरामात काम करतेय! एरवी बंद एसी हॉलमध्ये हे स्वप्नातही होत नाही. मुंडावळ्यांखाली डोळ्यांत जी काळी सावली पडते ना ती नाही, शालूचे जरीकाठ कुठे पांढरे फुटत नाहीत, हिरव्या चुड्याचा हिरवा हिरवाच राहतो, आणि अंतरपाट खाली आला त्या क्षणी वर उडालेल्या अक्षता एकेक दाणा सुटा दिसतोय. त्या लग्नाचे फोटो मी जवळपास न एडिट करता दिले. अकरा वर्षं लग्नं शूट करतेय, एवढा चांगला उजेड मला मुंबईत छपराखाली दुसरीकडे मिळालेला नाही.

पण तारीख बघा. मुंबईत साधारण १५-१६ मेला भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या शेवटापर्यंत तो किंचित उत्तरेच्या बाजूने जातो, सकाळी तर चांगलाच उत्तरेकडे असतो, म्हणजे ज्या काचेतून ऊन यायलाच नको त्याच काचेतून ते आत येतं. मेच्या शेवटी एका लग्नात सकाळी साडेनऊला नवरी गौरीहर पुजायला बसली आणि बरोबर तिच्या कपाळावरून गालावर उन्हाचा पट्टा, अर्धा चेहरा जळलेला अर्धा अंधारात, आणि पूजेत बसलेल्या मुलीला उठून तिकडे सरक असं मी सांगू शकत नाही. शेवटी डेकोरेटरच्या पोराने शिडी लावून वर पातळ पांढरी मलमल बांधली तेव्हा जमलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तारीख असेल तर ही भानगडच नाही.

आता सगळ्यात जास्त राग येतो ती गोष्ट. लोक एवढं भाडं मोजून ही जागा घेतात आणि मग डेकोरेटर येऊन पूर्ण छताला आडवं कापड मारतो! तिसऱ्या लग्नात हेच झालं, जांभळं सॅटिन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि वरून येणारा जो काही उजेड होता तो जांभळा होऊन खाली उतरला, भटजींचं पांढरं उपरणंसुद्धा जांभळं. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला मॅडम पार्टीची चॉइस. अहो पार्टीला कोणी सांगितलंच नाही की हे छत उघडं ठेवण्यासाठीच बांधलंय. हॉलवाल्यांनी बुकिंगच्या वेळीच हे सांगायला पाहिजे, ते सांगत नाहीत, म्हणून तुम्ही सांगा, आणि डेकोरेटरच्या कोटेशनवरच लिहून घ्या की छताला कापड नको.

भिंतींचंही तसंच. सगळा गिलावा खरवडून लाल विटा उघड्या केल्यात आणि वर चकचकीत वार्निश, याला ते इंडस्ट्रियल लुक म्हणतात. गिरणी चालू होती तेव्हा आत असं कधी नव्हतंच, भिंतीला चुना असायचा. १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं की चुना लावलेल्या भिंतींना १४ महिन्यांतून एकदा तरी परत चुना मारायचा. तो नियम स्वच्छतेसाठी, पण फोटोग्राफरच्या डोळ्याने बघा, वरून काचेतला उजेड आणि चारी बाजूंना पांढऱ्या भिंती, म्हणजे अख्खी इमारत एक मोठा रिफ्लेक्टर! आता त्या पांढऱ्याऐवजी लाल वीट आहे, ती अर्धा उजेड खाते आणि उरलेला लालसर करून चेहऱ्यावर टाकते. भिंतीपासून आठ-दहा फूट लांब उभं करा माणसांना, आणि फ्लॅश थेट भिंतीवर मारू नका, वार्निशवर पांढरा डाग येतो जो नंतर काढता काढता जीव जातो. हॉलवाल्यांना मी दोनदा म्हटलंय की निदान मंडपासमोरची एक भिंत चुन्याने पांढरी करा, खर्च काहीच नाही, बघू.

रात्रीच्या रिसेप्शनबद्दल थोडक्यात सांगते. छत इतकं उंच आणि काळं की फ्लॅश बाउन्स करायला, म्हणजे त्याचा उजेड वर आपटून खाली आणायला, वर काही नाही, पिवळे फिलामेंट बल्ब, निळे जांभळे एलईडी, स्टेजमागे एलईडी वॉल, सगळं एकत्र, आणि डिमरवाल्या स्वस्त एलईडीमुळे फोटोत आडव्या पट्ट्या येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/१०० वर आणलं की बऱ्याचदा पट्ट्या जातात, नेहमी नाही. दोन लाइट स्टँड आणि एक असिस्टंट जास्तीचा धराच, त्याचे पैसे क्लायंटला आधी सांगा.

खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत, दर दहा-बारा फुटांवर एक, सुंदर आहेत, मूळचे ठेवलेत आणि ऑइलपेंटचे थर काढून साफ केलेत, रिस्टोरेशनचं हे काम खरंच मनापासून केलंय. मागे बसलेल्या पाहुण्यांना मात्र नवरानवरी दिसत नाहीत आणि ते सगळे मोबाइल घेऊन मधल्या वाटेत येतात, तेव्हा एक कॅमेरा मंडपाच्या आत ठेवाच.

गरम होतं. सुताला ओल लागते, हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून गिरणीत खिडक्या बंद ठेवून आत दमट ठेवायचे, त्या इमारतीत वारा खेळणार कुठून. एसी आहे पण होम पेटला की धूर वर साचतो. आणि एक गंभीर गोष्ट, २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल कंपाउंडमधल्या आगीत १४ माणसं गेली, त्यानंतर मी कुठल्याही हॉलमध्ये आधी बाहेर पडायचे दरवाजे बघते. इथे दोन मोठे दरवाजे आहेत, पण एका लग्नात त्यातल्या एकासमोर सेल्फी बूथ उभा केला होता. मी तो हटवायला लावला, थोडी वादावादी झाली, तरी हटवला. तुम्हीही असं काही दिसलं तर हटवायला लावा.

बाहेरच्या फोटोग्राफरकडून रॉयल्टी, म्हणजे तिथे शूट करायची वेगळी फी मागतात, जीएसटी वेगळा, आणि हे क्लायंटला बुकिंगनंतर कळतं. आधी विचारा.

एन्ट्रीला इतिहासाचा बोर्ड आहे, त्यावर यंत्रांचे फोटो, मालकांचे फोटो, पण कामगारांबद्दल एक ओळ नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसं होती, माझ्या आजोबांसकट, आणि त्यांची घरं या हॉलपासून चालत दहा मिनिटांवर आहेत. हे मी फीडबॅक फॉर्ममध्ये पाचही वेळा लिहिलंय आणि लिहीत राहणार.

येत्या डिसेंबरात तिथे परत एक लग्न घेतलंय, मुहूर्त सकाळी ११ नंतरचा. डेकोरेटरशी बोलणं झालंय, छत उघडं राहणार. नवरीचे आजोबा गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते, त्यांना नऊ वाजताच बोलावलंय, पाहुणे यायच्या आत. घरच्यांच्या फोटोंची सुरुवात त्यांच्यापासून करणार आहे, खांबाजवळ उभं करून, फ्लॅश न वापरता.