पहाटे पाच की आपल्या कलाने?

पहाटे पाचला उठण्याचा खरा फायदा म्हणजे शांतता. फोन वाजत नाही, कुणी हाक मारत नाही. पण त्याची किंमत आदल्या रात्री मोजावी लागते. प्रौढांना किमान 7 तास झोप हवी, म्हणजे दहाच्या आत डोळा लागायला हवा. बारापर्यंत जागून पाचचा गजर लावणं ही निव्वळ हौस.

दुसरा पर्याय शरीराच्या घड्याळाप्रमाणे उठण्याचा. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, हे फळमाश्यांवर अभ्यास करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना 2017 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. काहींचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं, त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो; त्याला आळस म्हणू नये. अशांनी सातला उठून अवघड काम जरा उशिरा, डोकं तरतरीत झाल्यावर हाती घ्यावं. अडचण एकच, नोकरी तुमच्या कलाने चालत नाही.

माझा कौल दुसऱ्याला, पण उठायची वेळ रोज तीच हवी, अगदी सुट्टीलाही. पहाटच हवी असेल, तर गजर दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा, झोपायची वेळही तशीच सरकवा आणि उठल्यावर लख्ख उजेडात बसा. त्या उजेडानेच शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं.