शेततळ्यात रोहू-कटला की पंगस?

लवकर वाढणारा मासा हवा असेल तर पंगस. सहा-आठ महिन्यांत किलोचा होतो, दाटीत राहतो, प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा घेतो. रोहू-कटल्याला तेवढ्याच वजनासाठी दहा-बारा महिने द्यावे लागतात. पण बांधावर व्यापाऱ्याचा टेम्पो उभा राहिला की वाढीचा वेग कोणी विचारत नाही. विकणारा किती दिवस थांबू शकतो, त्यावर भाव ठरतो.

पंगस थांबू देत नाही. तो जवळपास सगळा विकतच्या तरंगत्या खाद्यावर जगतो. किलोभर वाढीला साधारण दीड किलो खाद्य लागतं. माल तयार आहे आणि व्यापारी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतोय, तरी रोज गोणी फोडावीच लागते. त्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. वर आंध्रातून बर्फात भरून येणारा मासा दर चढू देत नाही. बीज म्हणजे लहान पिल्लंही बरीचशी बंगालकडून पिशव्यांतून येतात, वाटेतली मरतूक आपल्या माथी. आणि निफाडसारखी थंडी असेल तर पंगस खाणंच सोडतो.

रोहू-कटला शेणखतावर धरलेलं प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातात, जोडीला भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड. विक्री महिनाभर लांबली तरी कंबरडं मोडत नाही, उलट मोठ्या कटल्याला दर बरा लागतो. अडचण अस्तराची. प्लास्टिकच्या तळ्यात चिखल नाही, प्लवंग बेताचं, तळाशी चरणारा मृगळ तर उपाशीच. तो टाकूच नका.

एप्रिल-मेमध्ये तळी आटतात, सगळ्यांची जाळी एकदम पडतात आणि बाजार कोसळतो. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा गटारीपर्यंत गोड्या पाण्यातल्या माशाला उठाव असतो. श्रावणात पुन्हा मंदी.

म्हणून जूनपर्यंत पाणी टिकत असेल तर माझं मत रोहू-कटल्याला. विदर्भात तर डोळे झाकून. पंगस तेव्हाच, जेव्हा एखादा हॉटेलवाला किंवा काटे काढून तुकडे विकणारा बीज टाकण्याआधी माल उचलायचा शब्द देतो. शब्द घेताना ओल्या वजनाची घट क्विंटलमागे किती किलो कापणार आणि बर्फ कोणाच्या खर्चाने, हेही तेव्हाच लिहून घ्या.