मोजपात्र, पिपेट आणि माझी तीन बरण्या मीड

मोजपात्रं, पिपेट आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचनळी) अशा संचाला पाचपैकी चार तारे. एक तारा हायड्रोमीटरमुळे गेला, त्याबद्दल पुढे लिहिते.

पुण्यात मूनशाइन मीडरीची मीड, म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य, पहिल्यांदा चाखली आणि मिशिगनला परतल्यावर घरीच करायला घेतली. (मीड आणि आपला मधु, दोन्ही शब्द एकाच कुळातले. मला याचं फार अप्रूप वाटतं.) दोन वर्षांत तीन बरण्या झाल्या आणि एकही मनासारखी नव्हती. संत्र्याच्या फुलांच्या मधाची मीड पार कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; पाणी १.०००, साखर जास्त तर आकडा मोठा) ०.९९८; वास सुरेख, पण जिभेवर पाणचट. बकव्हीटच्या (कुट्टूच्या फुलांच्या) मधाची १.०३२ वर थांबलेली, गोड आणि जड, थेट काकवीची आठवण करून देणारी. तिसरी इथल्या आंबट चेरीची, १.००४. एक घोट घेतला की दात आंबायचे.

मग हा संच मागवला: १०० आणि २५० मिलीची काचेची मोजपात्रं, १० मिलीचं पिपेट, हायड्रोमीटर. पैसे वसूल झाले ते पिपेटमुळे. आधी मी चमच्याने अंदाजे मिसळायचे, आणि छान चव जमली तरी ती पुन्हा कशी आणायची ते कळायचं नाही. आता चार पेल्यांत संत्र्याची मीड मोजून घेतली, त्यांत बकव्हीटची ५, १०, १५, २० मिली घातली. पेल्यांवर फक्त आकडे. नवऱ्याला काही न सांगता चाखायला दिले. १५ मिलीला जडपणा वर येत होता, १० ला मधाचा गाभा लागत होता, पण शेवट बोथट. त्यात ५ मिली चेरी पडली आणि चव उभी राहिली! ठरलेलं माप : ५० मिलीत संत्रा ३५, बकव्हीट १०, चेरी ५ या हिशेबाने, म्हणजे सात, दोन, एक.

त्याच प्रमाणात साडेतीन लिटर, एक लिटर आणि अर्धा लिटर मिसळली. हिशेबाने ग्रॅव्हिटी १.००५ यायला हवी होती आणि तेवढीच आली. मिसळण्याआधी, यीस्ट पुन्हा कामाला लागू नये म्हणून, तिन्हींत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि सॉर्बेट घातलं होतं. हे टाळू नका. बकव्हीटमधलं यीस्ट अल्कोहोल वाढल्यामुळे थांबलेलं असतं. तिच्यात उरलेली साखर कमी अल्कोहोलच्या मीडमध्ये गेली की आंबणं पुन्हा सुरू होऊ शकतं आणि बंद बाटली फुटते. नळीने, खळखळ न करता, बरणी काठोकाठ भरली, उरलेली बाटल्यांत. सहा आठवडे तशीच ठेवली, कारण मिसळल्यावर थोडा गढूळपणा आला होता. तो खाली बसला.

आता तक्रार. हायड्रोमीटरमधली कागदी पट्टी सरकलेली निघाली. साठ अंश फॅरनहाइटच्या शुद्ध पाण्यात १.००० ऐवजी १.००२ दाखवतो. मी दर वेळी ०.००२ वजा करते (वरचे आकडे तसेच काढलेत), पण नवशिक्याला हे कोण सांगणार? घेतल्या घेतल्या पाण्यात तपासा. शिवाय १०० मिलीच्या पात्रात तो तरंगतच नाही, त्यामुळे छोट्या चाचण्यांची ग्रॅव्हिटी कागदावरच काढावी लागते.

व्हिनेगरचा वास धरलेली मीड मात्र यात मिसळू नका. चांगलीही हातची जाईल.

पुढच्या आठवड्यात दुसरं पिपेट मागवतेय. एक चेरीसाठी वेगळं हवं.