दुबईची कमाई: एनआरई एफडी की एफसीएनआर?

अमळनेरचा मावसभाऊ दुबईत असतो. दोन बँकांच्या दरांचे फोटो पाठवून विचारतो, कुठली एफडी करू, एनआरई की एफसीएनआर? (दोन्ही अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईसाठीच्या मुदत ठेवी.)

करात फरक नाही, दोन्हींचं व्याज भारतात करमुक्त. वर्षाच्या आत मोडली तर दोन्हीकडे व्याज शून्य.

खरी गोम रुपयात आहे. एनआरई रुपयात असते, व्याज बहुधा जास्त. पण रुपया घसरला तर पैसे परत नेताना फटका आपल्याला. एफसीएनआर १ ते ५ वर्षं, परकीय चलनातच. दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळे डॉलरमधली ठेवली की ती भीती जवळपास नाहीच.

तिकडेच राहायचं असेल तर एफसीएनआर. खर्च इथेच व्हायचा असेल तर एनआरई. त्याच्या घराचा स्लॅब दोन वर्षांनी पडायचाय. मी एनआरई सांगितली.